चिनी विशेषण मंगोल भाषेत गेलं की त्याचं काय होतं?

प्रश्न असा आहे: चिनीत विशेषण जवळपास क्रियापदासारखं वागतं. मग मंगोल भाषांनी ते उसनं घेतलं, तर क्रियापदाचे प्रत्यय त्याला थेट लागतात का?

थेट नाही, कारण मंगोलमध्ये विशेषणाची सोयरीक नामाशी आहे. चिनीत 'होंग' म्हणजे लाल. 'होंग ल' म्हटलं की 'लाल झालं'. 'होणे' वेगळं लागत नाही. नकारही क्रियापदाचाच, 'बू होंग'. मंगोलियातल्या खल्ख मंगोलमध्ये लाल म्हणजे 'उलान' (राजधानी उलानबातरमधला तोच). 'लाल झालं' म्हणायला 'उलान बोल्सन', म्हणजे 'होणे' आलंच. नाहीतर प्रत्यय लावून 'उलाइसन' असं क्रियापद घडवायचं. नकार 'उलान बिश', आणि हा 'बिश' नामांच्या वाट्याचा. शिवाय लिंग नाही, नामाप्रमाणे विशेषणाचं रूप बदलणंही नाही. आपल्याकडे फारसी 'ताजा'चं ताजी-ताजे झालं आणि 'खराब' तसाच राहिला. ती कटकट तिकडे नाही.

पण मला जास्त गंमत वाटते ती दुसऱ्या वाटेची: चिनी नाम घ्यायचं आणि विशेषण घरी तयार करायचं. 'यांगत्झ' (नमुना, रूप) हा चिनी शब्द खल्खमध्ये 'यांज' झाला. त्याला षष्ठीचा प्रत्यय लावून 'यांजिन', शब्दशः 'यांजचा'. बोलीत याचा अर्थ 'झकास'! 'यांज बुरीन' म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे. 'ला' जोडून 'यांजलाख' हे क्रियापद झालं: दुरुस्त करणे, नीटनेटकं करणे. गाडीसुद्धा यांजलाख करतात. एकाच पाहुण्याचा एवढा गोतावळा! तसंच 'जिन' (वजन, मूळ चिनी मापाचं नाव). त्याला 'असलेला' या अर्थाचा 'तै' लागून '60 किलो जिनतै', म्हणजे 60 किलो वजनाचा.

मात्र खल्खचा हिशोब सगळ्या मंगोल भाषांना लावू नका. चीनच्या वायव्येकडच्या कान्सू-छिंगहाय भागात सांता (दोंगशियांग) आणि मांगुअर या भाषा पिढ्यान्‌पिढ्या चिनीच्या शेजारी नांदल्या आहेत, आणि त्यांनी नाम-विशेषणांवर भागवलेलं नाही. चिनी 'शृ', म्हणजे चक्क 'आहे', तेही उचललंय. सांतात तर वाक्याच्या मध्ये हा 'शृ' आणि शेवटी स्वतःचा 'वो', असे दोन्ही 'आहे' एकाच वाक्यात सापडतात.