संवाद ऐकू येत नाहीत? आधी रिसीव्हरच्या पट्टीवर काय उमटतंय ते वाचा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: ५.१ चा होम थिएटर सेट (पाच स्पीकर, एक सब-वूफर आणि त्यांना आवाज वाटणारा रिसीव्हर) घेऊन महिना झाला. टीव्हीतल्या अ‍ॅपवर सिनेमा लावला की माणसं पुटपुटतात, म्हणून आवाज वाढवायचा, आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत धावायचं. मागचे स्पीकर वाजतात, पण समोरचंच पुन्हा वाजवतात. आईंना मालिका लावायला तीन रिमोट लागतात. दुकानदार म्हणतो टीव्हीखालचा सेंटर स्पीकर मोठा घ्या. शिवाय मेहुणा डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकडून थेट मोठा रिसीव्हरच मागवावा का?

दोन्ही नका घेऊ. निदान इतक्यात तरी नको.

तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, सगळी गोम तिथे आहे. रिसीव्हरच्या समोरच्या पट्टीवर 'मल्टी चॅनल स्टिरिओ' दिसतं म्हणता. म्हणजे आत दोनच चॅनल येतायत आणि रिसीव्हर त्यांच्याच नकला पाचही स्पीकरना वाटतोय. काही कंपन्या याला 'ऑल चॅनल स्टिरिओ' म्हणतात. घरात बारसं असेल आणि पाहुण्यांसाठी गाणी लावायची असतील तर उत्तम. सिनेमात मात्र एकच वाक्य पाच ठिकाणांहून येतं आणि त्याचा काला होतो.

रिमोटवर 'इन्फो' किंवा 'स्टेटस' असं बटण असेल. ते दाबलं की आत काय येतंय आणि रिसीव्हर त्याचं काय करतोय, हे दोन्ही दिसतं. मी बारा-तेरा वर्षं हे उद्योग करतोय. लोकांच्या घरी गेलो की आवाजाला हात लावायच्या आधी ते बटण दाबतो. आत 'पीसीएम' (म्हणजे न आवळलेला आवाज) किंवा 'स्टिरिओ' दिसलं तर दोष टीव्हीकडे, 'डॉल्बी डिजिटल प्लस' (आवळलेला आवाज) दिसलं तर पुढे बोलू.

तुमचं ५.१ टीव्हीत हरवतंय. अ‍ॅप टीव्हीत चालतात आणि आवाज एआरसीने, म्हणजे टीव्हीतून आवाज परत पाठवायच्या सोयीने, एचडीएमआय केबलमधून खाली रिसीव्हरकडे येतो. साध्या एआरसीवर पीसीएम फक्त दोन चॅनलचं जातं. पाच हवे असतील तर ते डॉल्बी डिजिटलसारख्या आवळलेल्या रूपातच यावे लागतात. म्हणून टीव्हीच्या साउंड मेन्यूत 'डिजिटल ऑडिओ आउट' शोधा आणि पीसीएमऐवजी ऑटो किंवा पास-थ्रू करा. मग रिसीव्हरवर 'मूव्ही' किंवा 'डॉल्बी' मोड. अ‍ॅपमध्येही बघा: एकाच सिनेमाची एक भाषा ५.१ आणि दुसरी नुसती स्टिरिओ असू शकते. ऑडिओच्या यादीत ज्या भाषेपुढे ५.१ लिहिलंय तीच घ्या.

ई-आर्कसाठी (एआरसीची सुधारित आवृत्ती) नवा टीव्ही घ्या असं कोणी सांगेल, मनावर घेऊ नका. एआरसी २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आलं, ई-आर्क २०१७ मध्ये २.१ बरोबर. ओटीटीचा आवाज, त्यातला अ‍ॅटमॉससुद्धा (डॉल्बीचा डोक्यावरूनही येणारा आवाज), डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि तो साध्या एआरसीतून जातो. ब्ल्यू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी (डॉल्बीचाच, पण दर्जा न घटवलेला) जात नाही. पण प्लेअर असलाच तर तो सरळ रिसीव्हरला जोडतात, टीव्हीत घालून आवाज परत आणायचा कशाला?

आता सेंटर. सिनेमातले बहुतेक संवाद त्याच एका डब्यातून येतात. तुम्ही टाकलेल्या फोटोत तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात वीतभर आत ढकललाय आणि समोर रिमोटची टोपली ठेवलीय! कप्प्यात आवाज घुमतो आणि वर कानाकडे यायच्या ऐवजी गुडघ्यांकडे जातो. तो कप्प्याच्या अगदी कडेला ओढा, थोडा पुढे आला तरी चालेल. पुढच्या बाजूखाली शाळेतली दोन खोडरबरं सरकवा, म्हणजे तोंड सोफ्यावरच्या माणसाकडे होईल. माझ्या घरी दहा वर्षं तीच खोडरबरं आहेत.

मग रिसीव्हरबरोबर आलेल्या माइकने स्पीकरची मोजणी, म्हणजे रिसीव्हर स्वतःच खोलीनुसार आवाज जुळवतो. डेनन-मरँट्झवाले ऑडिसी म्हणतात, यामाहावाले वायपाओ, बाकीच्यांची आपापली नावं. तुम्ही लिहिलंय 'सेटअप केला होता, फरक पडला नाही'. पंखा चालू होता ना? मी पहिल्यांदा दुपारी केला, माइक उशीवर ठेवून, डोक्यावर पंखा गरगरत होता. त्याने डावा सराउंड (मागचा डावा स्पीकर) इतका वाढवून ठेवला की पाऊस फक्त डावीकडेच पडायचा. नंतर मे महिन्यात रात्री अकराला बसलो, पंखा बंद, फ्रिज बंद, घामाच्या धारा. पाचव्या जागेपर्यंत आलो आणि खाली वॉचमनने शिट्टी फुंकली. मशीनने 'गोंगाट फार आहे' म्हणून ती जागा पुन्हा मोजायला लावली. पण त्या रात्रीनंतर वर्षभर सेटिंगला हात लावावा लागला नाही. तर माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीला. उशी आवाज पिते. पहिली जागा म्हणजे तुम्ही रोज बसता तीच, बाकीच्या तिच्या आसपास हात-दीड हातावर. घरातले दुसऱ्या खोलीत.

मोजणी झाल्यावर आकडे तपासा. स्पीकरची अंतरं टेपने मोजलेल्याशी साधारण जुळली पाहिजेत. सब-वूफर आठ फुटांवर असताना तेरा फूट दाखवेल, ते दुरुस्त करायला जाऊ नका. आवाज एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. सबच्या आतल्या सर्किटमध्ये जो उशीर होतो तो मशीन अंतर म्हणून धरतं, आणि ते बरोबरच आहे. बदलायचं ते वेगळंच: बरेच रिसीव्हर पुढच्या स्पीकरना 'लार्ज' ठरवून मोकळे होतात. ते 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (जिथून खालचा आवाज सबकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झ. 'स्मॉल' वाचून लोकांना अपमान वाटतो, इतके पैसे मोजलेत म्हणून. त्याचा अर्थ एवढाच की ८० च्या खालचा धमधमाट सबने सांभाळावा. सबच्या पाठीवर क्रॉसओव्हरचं बटण असेल ते सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा, नाहीतर एकाच आवाजाला दोनदा चाळणी लागते.

एवढं झाल्यावरच चॅनल लेव्हलमध्ये सेंटर दोन-तीन डीबीने (डेसिबलने) वाढवा. शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडू देत, तुमच्या १० बाय १४ च्या हॉलमध्ये त्यांना काही ऐकायचं नाहीये.

रिमोट घेऊन धावण्याचं कारण मात्र रिसीव्हर नाही, सिनेमाचं मिक्सिंग आहे. मोजणी केलेल्या रिसीव्हरवर ० डीबी म्हणजे थिएटरचा आवाज, एकेका चॅनलचे शिखर-आवाज १०५ डेसिबलपर्यंत आणि सबसाठीच्या वेगळ्या चॅनलचे ११५ पर्यंत जाणारे. फ्लॅटमध्ये असं कोणी ऐकत नाही. माझा काटा उणे २८ च्या आसपास असतो. थिएटरमध्ये कुजबूज आणि स्फोट यांच्यातली दरी मजा देते. घरी उणे ३० वर कुजबूज पंख्यात बुडते आणि स्फोट शेजाऱ्यांपर्यंत जातो. त्यासाठी 'डायनॅमिक रेंज कंप्रेशन' किंवा 'नाइट मोड' दिलाय. मधली पायरी ठेवा, रात्री वरची. आणि 'व्हॉल्यूम लिमिट' उणे १० ला बांधून टाका. आमच्याकडे मांजर रिमोटवर बसलं होतं, तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगतो.

आईंचं सोपं आहे: त्यांना रिसीव्हरच्या भानगडीतून सोडवा. सेट टॉप बॉक्स सध्या रिसीव्हरमध्ये आहे तो काढून टीव्हीला जोडा. टीव्हीचा आणि बॉक्सचा रिमोट बास, रिसीव्हर बंद. सासूच्या चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा जातो तेव्हाचं ढॅण-ढॅण-ढॅण सब-वूफरमधून ऐकायची कुणालाच गरज नसते. तुम्हाला सिनेमा बघायचा असेल तेव्हा रिसीव्हर सुरू करा, आवाज एआरसीने आपसूक तिकडे जाईल. त्यासाठी दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू हवं. टीव्ही सॅमसंगचा असेल तर ते अ‍ॅनिनेट प्लस या नावाने सापडेल, एलजीचा असेल तर सिंपलिंक, सोनीचा असेल तर ब्राव्हिया सिंक. एचडीएमआय केबलचं एक टोक टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय त्यातच, आणि दुसरं रिसीव्हरच्या 'आउट'मध्ये. सीईसी मधूनच रुसतं. दोन्ही प्लग पाच मिनिटं काढून ठेवले की बहुधा रुळावर येतं. क्रिकेटसाठी बॉक्सचा आवाज रिसीव्हरवर घेतलात आणि पट्टीवर स्टिरिओ दिसलं, तर 'डॉल्बी सराउंड' किंवा जुन्या मशीनवर 'प्रो लॉजिक टू' लावा. दोन्ही चॅनलमध्ये सारखा असलेला आवाज, म्हणजे कॉमेंट्री, हा मोड उचलून सेंटरला देतो.

मेहुण्याचं म्हणाल तर अमेरिकेतले रिसीव्हर सहसा फक्त १२० व्होल्टचे असतात. पाठीवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. आपल्या २३० मध्ये घातला की धूर. पुरेशा ताकदीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो स्वतःच गुणगुणतो, आणि बिघडला तर इथे वॉरंटी नाही. मेहुण्याला बदाम आणू द्या.

एक राहिलं. फोटोत रिसीव्हर काचेच्या दाराआड दिसतोय. वापरताना दार उघडं ठेवा, वर चार बोटं तरी मोकळी जागा हवी. आणि पावसाआधी गडगडायला लागलं की प्लग काढताना डिशची केबलही बॉक्समधून काढा. मी एका जूनमध्ये सगळे प्लग काढले आणि ती केबल विसरलो. वीज छतावरून डिशमध्ये, डिशमधून बॉक्समध्ये आणि बॉक्समधून रिसीव्हरच्या एचडीएमआय बोर्डात आली. दुरुस्तीचा खर्च ऐकून रिसीव्हर परत घरी घेऊन आलो. आता त्यावर फक्त गाणी वाजतात, मागच्या जुन्या लाल-पांढऱ्या पिनांमधून.

आज रात्री फक्त ती पीसीएमची सेटिंग बदला आणि पट्टीवर काय उमटतं ते इथे लिहा. तरीही स्टिरिओच दाखवत असेल तर टीव्हीचं मॉडेल आणि केबल कुठल्या पोर्टात आहे त्याचा फोटो टाका. माइकचं काम रविवारी करा, पंखा बंद करून.