छोट्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रावर) वस्तू स्वस्तात स्कॅन कशी करावी?

टच प्रोबपासून, म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या टोकापासून, सुरुवात करा. जीआरबीएल या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जी३८.२ ही कमांड आधीपासून आहे: टोक हळूहळू खाली येतं, वस्तूला टेकताच थांबतं आणि त्या क्षणाची उंची कळवतं. वस्तू धातूची असेल तर एक वायर वस्तूला, एक टूलला, एवढ्यात भागतं. लाकूड-प्लॅस्टिकसाठी मात्र स्प्रिंगवाला प्रोब लागतो.

वेळेचा हिशेब आधी करा. ५० × ५० मिमीचा भाग १ मिमी अंतराने घेतला तर २,६०१ बिंदू. प्रत्येकी ३ सेकंद धरले तरी दोन तासांहून जास्त. अंतर अर्धं केलंत की वेळ जवळपास चौपट. शिवाय खालच्या बाजूच्या खाचा प्रोबला सापडतच नाहीत.

कोरीवकाम गुंतागुंतीचं असेल तर फोनने सगळीकडून फोटो काढून मेशरूम या फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. ते मोफत आहे, फक्त शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर माप कळणार नाही.