जुना 'सी' पुसला जात नाही, मग काय करायचं?

न्यू जर्सीतल्या एका आईचा फोन. "ताई, हिने एक वर्ष ड्रॉप घेतला तर मार्क सुधारतील ना? आपल्याकडे नीटला मुलं घेतातच की." मुलगी बीएस झालेली, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३.१, आणि डॉक्टर व्हायचं हे सातवीपासून पक्कं. दर मे महिन्यात मला असे फोन येतात.

घोटाळा त्या 'ड्रॉप'मध्येच आहे. नीटचा नवा स्कोअर आला की जुन्याला कोणी विचारत नाही. अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची मूळ पदवी, पदवीनंतर घ्यायची. त्या एमडी कॉलेजांचा सामायिक अर्ज, ॲम्कास, विषय पुन्हा घेतला तरी दोन्ही ग्रेड सरासरीत धरतो. डीओ (ऑस्टिओपॅथी) ही डॉक्टरकीची दुसरी पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घ्यायची. तीही सवलत २०१७ मध्ये गेली.

मुलगी भेटायला आली. ट्रान्स्क्रिप्ट पुढे केली, पण अंगठा एका ओळीवरून हलेना. खाली होतं ऑर्गॅनिक केमिस्ट्री दोन, सी मायनस. त्या वर्षी बाबांची नोकरी गेली होती आणि ही फार्मसीच्या काउंटरवर आठवड्याला पंचवीस तास उभी राहायची. घरात कोणी हे दोन्ही एकत्र जोडून पाहिलंच नव्हतं. सगळ्यांचा समज एकच, अभ्यासात कमी पडली.

आता तिचा बेत काय, तर सप्टेंबरपासून विज्ञानाचे चार विषय, सोबत मेडिकलची प्रवेशपरीक्षा एमकॅट हिची तयारी, आणि फार्मसीत आता पूर्णवेळ. मी तिथेच थांबवलं. ज्या कारणाने ग्रेड घसरली ते कारण अजून चालूच असेल तर नव्या विषयांतही बीच येणार, आणि पदवीनंतरच्या विषयांतले बी जुन्या सीपेक्षा जास्त महागात पडतात. तिथे 'तेव्हा परिस्थिती वेगळी होती' असं म्हणायची सोय उरत नाही.

आईंचा दुसरा पर्याय होता, पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स. "त्यात चांगले मार्क पडले की मागचं झाकलं जाईल." झाकलं जात नाही. मास्टर्सचा जीपीए ॲम्कासमध्ये वेगळ्या ओळीत येतो. पदवीची सरासरी तसूभरही हलत नाही. ती हलते पदवीच्या पातळीवरचे विषय घेतले तरच, म्हणजे ज्याला इथे पोस्ट-बॅक म्हणतात.

किती हलते, ते वहीवर मांडलं. पदवीचे १२० क्रेडिट (प्रत्येक विषयाचं वजन) गुणिले ३.१, म्हणजे ३७२. त्यात नवे ३० क्रेडिट, सगळे ए, एचे ४ धरून, म्हणजे आणखी १२०. ४९२ भागिले १५०. आलं ३.२८.

"मावशी, दीड वर्ष घालवून एवढंच?" तिचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, पण आकडे गोड करून सांगणं मला पटत नाही. २०२३ मध्ये एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७७ होती. तिथवर ती पोचणार नव्हती.

मग विज्ञानाचा हिशेब वेगळा मांडला, कारण ॲम्कास तो वेगळा काढतो. विज्ञानाचे जुने ५० क्रेडिट २.८ने, त्यात तेच ३० क्रेडिट ए: ३.२५. आणि ॲम्कास वर्षागणिक ओळी दाखवतो. पोस्ट-बॅकची स्वतःची ओळ असते. त्या ओळीत ४.० दिसलं की अर्ज वाचणाऱ्याला आजची मुलगी दिसते. माझा सगळा भर त्या ओळीवर होता.

ठरलं ते असं. घराजवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत नॉन-डिग्री प्रवेश, म्हणजे पदवीला न बसता फक्त विषय घ्यायचे, खर्च आटोक्यात. सी मायनस पुन्हा घ्यायचा, कारण बरीच कॉलेजं किमान सी मागतात. ऑर्गॅनिक एकमधला साधा सी मात्र तसाच सोडायचा. त्याऐवजी बायोकेमिस्ट्रीत ए आणायचा. पहिल्या सत्रात दोनच विषय, फार्मसी फक्त शनिवारी. एमकॅट सगळे विषय संपल्यावर. अर्ज एमडी आणि डीओ दोन्हीकडे. फार्मसीचे तास कमी करण्यावर घरी दोन दिवस वाद झाला, आणि शेवटी बाबाच म्हणाले, "पैशाचं मी बघतो."

पहिल्या सत्रात बायोकेमिस्ट्रीत ए, ऑर्गॅनिकमध्ये ए मायनस. दोन सत्रं अजून बाकी आहेत. मध्यंतरी तिने विचारलं, अकरावीत असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेलं कॅल्क्युलस अर्जात दाखवायचं का? दाखवायचंच, कॉलेज क्रेडिट मिळालं असेल तर तेही मोजतात. त्यात तिला बी होता. मी वही काढून हिशेब पुन्हा मांडला.