नातवाची मिला आणि जावयाची सही

प्रश्न: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, अलिबाग तालुक्यातले. मुलीने हिंदू मुलाशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं, संसार पुण्यात. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगा झाला. बाळाला कावीळ झाल्याने आठव्या दिवशी करायची मिला, म्हणजे सुंतेचा विधी, राहून गेली. आता डॉक्टर म्हणतात, बाळ ठणठणीत आहे. मुलगी तयार आहे. जावई म्हणतात, ‘अठराचा झाला की त्याचं तो ठरवेल.’ मुलगी पुण्याला जाण्याआधी येत्या शनिवारी इथेच उरकून घेतलं तर कायद्याची अडचण येईल का? सुंता झाली नाही तर पोर आमचं राहणार नाही, अशी धास्ती वाटते.

उत्तर: काका, तुमच्या पत्रातल्या ‘उरकून घेतलं’ या शब्दांपाशी मी अडखळले. अडचण तिथेच आहे.

आधी तुमची धास्ती. तुमच्याच धर्मशास्त्राप्रमाणे आई यहुदी असली की मूल यहुदी. सुंता ही त्या मुलाबाबतची आज्ञा, त्याच्या यहुदीपणाची अट नव्हे. म्हणजे मिला लांबली म्हणून नातू परका होत नाही. आजारी बाळाची मिला पुढे ढकलायला शास्त्रच सांगतं. ज्या घरात सुंतेनंतर भावंडं दगावली, तिथे पुढच्या मुलाची सुंता करू नये, असं तालमूद या तुमच्या धर्मग्रंथात आहे. तेव्हा ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ ही घाई धर्माची नाही, मुलीच्या परतीच्या तारखेची आहे.

आता कायदा. मुलग्यांच्या सुंतेवर भारतात बंदी नाही. बंदीसाठी केरळ उच्च न्यायालयात आलेली याचिका 2023 मध्ये फेटाळली गेली. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्‍भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम 27 संरक्षण देतं. पण इथे ‘पालक’ म्हणजे आईवडील. ते दोघे असताना आजोबांच्या संमतीला कायद्यात किंमत नाही. तुम्ही फक्त मांडव घालू शकता.

राहिली मुलीची एकटीची संमती. तुमच्या घरात दोन कायद्यांची गाठ पडते. मूल हिंदू कुटुंबातलं म्हणून वाढलं, तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू होतो. त्यात नैसर्गिक पालक म्हणून वडिलांचं नाव आधी असलं, तरी पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, आणि 1999 च्या गीता हरिहरन निकालाने आईचं स्थान बरंच भक्कम केलं. यहुदी म्हणून वाढलं, तर 1890 चा पालक आणि पाल्य कायदा. पण मूल कुठल्या घरातलं म्हणून वाढणार, हाच तर नवराबायकोतला वाद! कोणताही कायदा लावला तरी न्यायालय शेवटी बाळाचं हित पाहतं.

आईने एकटीने संमती दिली तर तो गुन्हा ठरतो, असं मी म्हणणार नाही. पण जावयांनी न्यायालयात धाव घेतली, तर तात्पुरता मनाई हुकूम मिळण्याची शक्यता मला बरीच वाटते, कारण केलेली सुंता परत फिरवता येत नाही. इंग्लंडमध्ये मुस्लिम वडील आणि ख्रिस्ती आई यांच्यात नेमका असाच वाद झाला. तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की आईवडिलांचं एकमत नसेल तर हा निर्णय एकाने परस्पर घेऊ नये. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण जावयांचा वकील तो वाचून दाखवल्याशिवाय राहणार नाही. शिवाय चोरून केलेल्या गोष्टीला ‘सद्‍भावना’ म्हणणं जड जातं. पुढे मुलाच्या ताब्याचा प्रश्न निघालाच, तर हा शनिवार तुमच्या मुलीविरुद्ध वापरला जाईल. तेव्हा जावयांच्या सहीशिवाय करू नका, असंच मी सांगेन.

ती सही मिळवायची कशी? जावयांचा आक्षेप धर्माला आहे की बाळाच्या दुखण्याला, हे तुम्ही विचारलेलं पत्रात दिसत नाही. दुखण्याचा असेल तर मार्ग निघू शकतो: बालशल्यचिकित्सक, भूल, नीट रुग्णालय, आणि प्रार्थनेला हजान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. मोठेपणी हीच शस्त्रक्रिया जास्त त्रासाची होते, हेही डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. दोघांची लेखी संमती घ्या. धर्मालाच विरोध असेल तर थांबा. तुमच्या मुलीने नवऱ्याशी बोलावं, तुम्ही नव्हे.

घरी कुणा अप्रशिक्षित माणसाच्या हातून करून घेऊ नका. काही बिघडलं तर कलम 125 खाली निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

नाव मात्र अडवून ठेवू नका. जन्मनोंदणी 21 दिवसांत करायची असते, तिचा सुंतेशी संबंध नाही. एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने गोड पोह्यांचा, मलिदा करा, जावयांना मानाने बोलवा.

आणि तुमचा शनिवारचा बेत तसाही बसत नाही. आठव्या दिवशी येणारी मिला शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, होते, लांबलेली होत नाही. हजानना विचारून पाहा.