चार लोक बघायला लागले की हात थरथरतो

"घरी एकटा वाजवतो तेव्हा सगळं जागच्या जागी पडतं. चार लोक समोर आले की हात माझं ऐकत नाही."

हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. भजनी मंडळात पेटी वाजवणारे, युवक महोत्सवासाठी भारूड बसवणारी कॉलेजची मुलं, वर्षानुवर्षं घरात आराधी गाणी म्हटलेल्या पण माईक हातात आल्यावर गप्प झालेल्या बायका. सगळ्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: ही भीती जाणार कधी, आणि तोवर थांबलेलं बरं का? मी समुपदेशक आहे, आणि लातूर जिल्ह्यातले एक गुरुजी याच प्रश्नानं माझ्याकडे आले होते. ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांच्या परवानगीनं त्यांची हकीकत इथे लिहिते आहे.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. चाळिशी ओलांडली आहे. गावातल्या एका वृद्ध गोंधळी काकांकडे ते काही वर्षांपासून संबळ, म्हणजे गोंधळात काड्यांनी वाजवायचं जोडवाद्य, शिकत होते. काकांचं घराणं कदमराई, म्हणजे तुळजाभवानीचे उपासक. (माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई.) नवरात्रात गावच्या मंडळाच्या कार्यक्रमात काकांचं पथक असतं, आणि यंदा काकांनी सांगून टाकलं होतं की संबळ गुरुजी वाजवतील. मागच्या वर्षी हीच वेळ आली होती, तेव्हा गुरुजींनी ताप आल्याचं सांगितलं होतं. यंदा श्रावणातच ते माझ्याकडे आले.

पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, मी रोज पन्नास पोरांपुढं बोलतो. पालक सभेत बोलतो. केंद्रप्रमुखांसमोर पाठ घेतलाय. मग ह्या दोन काड्या हातात घेतल्या की मला काय होतं?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना उलट विचारलं, वर्गात शिकवताना खडू धरलेला तुमचा हात कसा दिसतो? ते विचारात पडले. हात कसा दिसतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं, कारण वर्गात त्यांचं लक्ष पोरांकडे असतं. कोण खिडकीबाहेर बघतंय, कोणाला वजाबाकी कळली नाही. संबळ कमरेला बांधला की मात्र त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या मनगटावर जात होतं. काडी थरथरते का, लोकांना दिसतंय का, घाम आला का. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. माणूस समोरचं बघणं सोडून स्वतःवर पहारा देऊ लागतो, आतून जे जाणवतं तेच बाहेर दिसत असणार असं धरून चालतो, आणि त्या पहाऱ्यानंच हालचाल बिघडते.

शरीराचा भागही समजून घ्यायला हवा. धोका वाटला की अॅड्रेनलिन वाढतं, छातीचे ठोके वाढतात, हातापायांच्या त्वचेकडचा रक्तप्रवाह कमी होऊन बोटं गार पडतात, तोंड कोरडं होतं, स्नायू ताणले जातात आणि बारीक कंप येतो. पळायचं किंवा लढायचं असेल तर ही तयारी उपयोगाची. संबळाच्या लहान, चढ्या आवाजाच्या भांड्यावर नाजूक बोल काढायचे असतील तर ती आड येते. यात कुणाचा भित्रेपणा नाही आणि रियाज कमी पडल्याची खूणही नाही.

मग मी विचारलं, "लोक हसतील म्हणता. नेमकं कोण हसेल? चेहरे सांगा."

बराच वेळ गेला. आधी म्हणाले, शाळेतले सहकारी. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करणार, ते शिक्षकांच्या ग्रुपवर पडणार, आणि 'शाळा सोडून गोंधळ घालायलेत' असं कुणीतरी लिहिणार. दुसरा चेहरा थोरल्या भावाचा. आपल्या घरात आजवर कुणी संबळ हातात धरला नाही, हे भावानं दोनदा ऐकवलं होतं. या बोलण्यात जातीची जी धार होती ती आम्हा दोघांनाही समजली, आणि तिच्याबद्दल आम्ही उघड बोललो. तिसरा चेहरा त्यांनी शेवटी, खाली बघत सांगितला: खुद्द काका. "त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांचं वाद्य आहे. देवीपुढं मी चुकलो तर नाव त्यांचं जाईल. मुळात माझा अधिकार काय?"

या तिसऱ्या चेहऱ्यावर मी थांबले. हौशी लोककलावंताच्या मनात हा प्रश्न येतो हे माझ्या मते चांगलं लक्षण आहे. ज्यांनी दारोदार फिरून, मिळेल त्या बिदागीवर ही कला जिवंत ठेवली, त्यांच्या कलेला हात लावताना माणसानं थोडं थांबून विचारावंच. मात्र याचं उत्तर समुपदेशकाच्या खोलीत मिळत नाही. मी गुरुजींना म्हटलं, हे काकांनाच विचारा. ते दचकले. इतकी वर्षं शिकूनही आपल्याला भीती वाटते हे त्यांनी काकांना कधी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या भेटीला आले ते जरा हलके होऊन. काका म्हणाले होते, "कशाला भ्यायलाव गुर्जी? लोकं देवीसाठी यायलेत. आन् चुकलाव तर थांबा की, तवर मी बोलतो."

माझ्या कितीतरी बैठकांचं काम या दोन वाक्यांनी केलं. पहिलं वाक्य लक्ष कुठे ठेवायचं ते सांगतं. दुसऱ्यात गोंधळाची सगळी रचना आहे. गोंधळात नाईक, म्हणजे पथकाचा मुख्य गोंधळी, आख्यान लावतो, साथीदार झील धरतात, म्हणजे मागून सूर देतात, मध्येच प्रश्न विचारून नाईकाला बोलतं करतात. गाणं आणि बोलणं आलटून पालटून चालतं. संबळ अडखळला तर नाईक सरळ निरूपणात शिरतो, चार वाक्यं बोलतो, एक कोपरखळी मारतो आणि परत पदावर येतो. ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. गुरुजी मात्र या कार्यक्रमाकडे तोंडी परीक्षेसारखे बघत होते: एकट्यानं उभं राहायचं आणि प्रत्येक चुकीला गुण कापले जाणार. शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पण गोंधळात चूक पोटात घ्यायला आजूबाजूला माणसं उभी असतात, आणि भारुडात, जागरणात, भजनातही बहुतेक वेळा तसंच असतं. पहिल्यांदा लोकांपुढे जाणाऱ्याला मी आता आधी हेच विचारते की सोबत कोण आहे, आणि तुम्हाला भीती वाटते हे त्यांना माहीत आहे का.

यानंतर आम्ही मोबाईलची भीती मोबाईलनंच तपासली. गुरुजींनी घरी बायको-मुलांसमोर आणि दोन शेजाऱ्यांसमोर वाजवायचं, मुलीनं शूटिंग करायचं. बघण्याआधी एक अंदाज कागदावर लिहायचा: हाताचा कंप दहापैकी किती दिसेल? त्यांनी आठ लिहिले. मग व्हिडिओ असा बघायचा, जणू शाळेतल्या दुसऱ्याच कुणा शिक्षकाचा आहे. बघून त्यांनी स्वतःच दोन गुण दिले. हात जवळजवळ स्थिर दिसत होता. क्लार्क यांच्या उपचारपद्धतीत व्हिडिओचा असाच वापर करतात. आतली जाणीव आणि बाहेरचं दृश्य यातली तफावत माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी लागते, कुणी सांगून ती पटत नाही.

त्याच व्हिडिओत एक खरी अडचणही सापडली. लय वाढत होती. सुरुवात बरोबर होती, पण तिसऱ्या कडव्यापर्यंत ते साथीदारांच्या पुढे पळत होते. छातीचे ठोके वाढले की हातही त्यांच्या मागे धावतो, तालवाद्य वाजवणाऱ्यांच्या बाबतीत हे सर्रास घडतं. 'लोक काय म्हणतील' यावर रियाज करता येत नाही, लयीवर करता येतो. काकांनी त्यांना तुणतुण्याच्या शेजारी उभं केलं. तुणतुणं पूर्ण वेळ एकाच चालीत वाजत राहतं. कान तिकडे ठेवायचा आणि आपला ठोका त्याच्यावर बसवायचा. हे शिकवणं काकांचं. मी एकच भर घातली: शाळेच्या मैदानाला झपझप दोन फेऱ्या मारायच्या आणि छाती धडधडत असतानाच संबळ हातात घ्यायचा. घरी आपण शांत शरीरानं रियाज करतो आणि मंचावर धडधडत्या शरीरानं वाजवतो, म्हणून ते शरीर आधीच ओळखीचं करून घ्यायचं.

पायऱ्या छोट्या ठेवल्या. घराचं दार उघडं ठेवून रियाज. मग 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर, शाळेतल्या मुलांच्या गाण्याला साथ. त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. दमट हवेत कातडं उतरतं, आवाज बसतो, त्यामुळे त्यांचा निम्मा जीव संबळाच्या दोऱ्या ताणण्यात अडकला आणि स्वतःकडे बघायला फुरसत मिळाली नाही. मुलांना तर आपले गुरुजी वाजवतात याचंच अप्रूप होतं.

मधल्या काळात गावातून सल्ले येत होतेच. एकानं सांगितलं, थोडी घेऊन चढा, हात सुटतो. दारूनं भीती बोथट होते तशीच लयही होते, आणि पुढच्या वेळी तिच्यावाचून उभं राहता येत नाही. मेडिकल दुकानातल्या मित्रानं प्रोप्रॅनोलॉलची गोळी सुचवली. हे औषध छातीचे ठोके आणि कंप कमी करतं आणि काही कलाकार डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते घेतात, हे खरं आहे. पण गुरुजींना लहानपणापासून दमा. दमा असलेल्याला या गोळीनं श्वासनलिका आवळून गंभीर त्रास होऊ शकतो. अशा गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून कुणीही घेऊ नयेत, हे मी इथे जोर देऊन लिहिते.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी गुरुजींचा फोन आला. "मॅडम, शांत राहा, शांत राहा असं मनाला बजावतोय, पण जास्तच धडधडायलंय." मी म्हटलं, शांत व्हायचा हट्ट सोडा. अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये, लोकांपुढे गाण्याआधी किंवा भाषणाआधी 'मला हुरूप आलाय' असं स्वतःशी म्हणणाऱ्यांची कामगिरी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली होती. धडधड दोन्हीकडे असते. भीतीतून एकदम शांततेत जाणं अवघड, हुरुपात जाणं त्या मानानं सोपं. त्याबरोबर सावकाश श्वास, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. एवढंच.

ललिता पंचमीच्या रात्री कार्यक्रम झाला. मी तिथे नव्हते. त्यांनी सांगितलं ते लिहिते. बोटं गार पडली होती आणि पहिले ठोके जड पडले. सुरुवातीला गावोगावच्या देवदेवतांना गोंधळाला येण्याचं आवाहन असतं, त्याची चाल संथ आणि फिरून फिरून तीच येणारी, त्यात हात बसला. आख्यानात लय पळू लागली, ती त्यांना कळली, त्यांनी कान तुणतुण्याकडे नेला. आणि मग एके ठिकाणी काका बोलण्यासाठी अचानक थांबले, गुरुजी थांबले नाहीत, आणि शांततेत संबळाचा एकच ठोका खणखणीत वाजला. काका प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, "आमच्या गुर्जीची घंटा झाली. आता समद्यांनी गप बसायचं!" अख्खा मांडव हसला. ज्या हसण्याला ते वर्षभर भ्याले होते ते हेच, आणि त्या क्षणी तेही हसत होते.

व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर पडला. दोघांनी अभिनंदन केलं, बाकीच्यांनी काही लिहिलं नाही. थोरला भाऊ मांडवात मागे उभा होता; त्यानं आजवर या विषयावर एक शब्द काढलेला नाही. ती गाठ सुटलेली नाही, आणि एका कार्यक्रमानं ती सुटावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. मंडळानं दिलेली रक्कम गुरुजींनी काकांच्या हातात ठेवली, काकांनी पथकात सारखी वाटली आणि गुरुजींचा वाटा त्यांना घ्यायला लावला. अधिकाराच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तिथे मिळालं असावं, कारण नंतरच्या भेटीत तो प्रश्न आला नाही.

भीती गेली का? नाही. कोजागिरीला शेजारच्या गावात वाजवलं तेव्हाही बोटं गार पडली होती. फरक इतकाच की ती गार पडली म्हणून त्यांनी ताप आल्याचं सांगितलं नाही. भीती गेल्यावर वाजवीन, असं ठरवणाऱ्या सगळ्यांना मी हा क्रम उलटा करायला सांगते. लोकांपुढे वाजवून वाजवूनच ती कमी होत जाते, घरात बसून होत नाही.

तुमची धडधड मंचापुरतीच असेल, उतरल्यावर ओसरत असेल, तर तिच्यासकट वाजवायला हरकत नाही. पण चारचौघांत जेवताना, फोनवर बोलताना, बँकेत सही करताना, वर्गात हजेरी देतानाही तीच भीती येत असेल, त्यासाठी कामं आणि भेटी टाळल्या जात असतील, झोप उडत असेल, तर तो सामाजिक भीतीचा विकार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. तिथवर जाणं जमत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीतून बोलता येतं. काय बोलावं सुचत नसेल तर कागदावर दोन ओळी लिहून ठेवा आणि फोन लागल्यावर त्याच वाचून दाखवा.