पहिला प्रयोग आहे, लहानच घे

तू निवडलेला ‘संगीताचा अभ्यासावर परिणाम’ हा विषय नाही, अख्खा डोंगर आहे. त्यातला एक दगड उचल: गाणं चालू असताना वीस शब्दांच्या यादीतले किती आठवतात, आणि शांततेत किती? हे मोजता येतं.

गट पाडताना बहुतेक जण फसतात. मीही फसलो. आधी आलेले पंधरा जण शांत खोलीत, उशिरा आलेले गाण्याच्या खोलीत. मग फरक गाण्याचा की वक्तशीरपणाचा, काहीच कळेना. सगळं पुन्हा करावं लागलं. म्हणून कोण कुठल्या खोलीत, ते चिठ्ठ्या टाकून ठरव. किंवा प्रत्येकाला दोन्ही परिस्थितींतून ने, पण याद्या वेगळ्या आणि निम्म्यांचा क्रम उलटा, नाहीतर सरावाचाच फायदा मोजून बसशील. यात माणसंही कमी लागतात: मध्यम, म्हणजे फार मोठा नाही पण नगण्यही नाही असा फरक पकडायला स्वतंत्र गटांत साधारण ६४-६४ जण लागतात, इथे एकूण ३४च्या आसपास भागतं.

सूचना कागदावरून वाच, सगळ्यांना अगदी त्याच शब्दांत. १९६३ मध्ये रोझेन्थाल आणि फोड या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एकसारखेच उंदीर ‘हुशार’ आणि ‘मठ्ठ’ सांगून दिले; ‘हुशार’ उंदरांची कामगिरी खरोखर सरस निघाली. आपली अपेक्षा अशी हळूच झिरपते.

लेखी संमती घे, मुलं लहान असतील तर पालकांचीही. गृहीतक (काय निघेल असं वाटतं ते) आणि विश्लेषणाची पद्धत आकडे हाती येण्याआधी लिहून तारीख टाक. आणि चार मित्रांवर रंगीत तालीम कर. माझ्या तालमीत पहिल्याच मुलीने विचारलं, “शब्द क्रमाने लिहायचे का?” सूचनेत ते नव्हतंच.