नवा फोन, कडेला ओरखडा

प्रश्न : लेकीसाठी घेतलेला काळा फोन खोक्यातून काढला, तर कडेला नखाएवढा चंदेरी ओरखडा! दुकानदार म्हणतो, "ताई, फोन चालतोय ना?" गप्प बसू का?

उत्तर : मुळीच नाही, ताई. २०१२मध्ये काळ्या आयफोन ५च्या बाबतीतही नेमकी हीच ओरड झाली होती. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडाइझ केलेला (म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला) रंगीत थर फार पातळ असतो. कडेला तो उडाला की खालचा धातू चमकतो. वापरताना पडलेला चरा वेगळा, खोक्यातूनच आलेला वेगळा. पैसे तुम्ही पूर्ण मोजलेत! आजच फोटो काढा, बिल-खोकं जपा आणि फोन बदलून देण्याची मागणी लेखी करा. तोवर तो वापरायला काढू नका. दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.